पंपिंग पंचवीस टक्के, आणि पुढे?

हार्ट फेल्युअरचे निदान झाले की घरात एक आकडा कायमचा मुक्कामाला येतो. टू-डी इकोच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ या अक्षरांपुढे छापलेला हा आकडा, म्हणजे ‘पंपिंग किती टक्के आहे’ ते, नातेवाईक एकमेकांना फोनवर कळवतात, भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो आणि रुग्ण रात्री जागा राहून त्याचाच हिशेब मांडत बसतो. २५ टक्के म्हणजे पाऊण हृदय गेले, असा तो हिशेब असतो. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना तो मी इतक्या जणांकडून ऐकला आहे, की नव्या रुग्णापुढे व्यायामाचा विषय काढण्याआधी मला त्या आकड्याविषयीच बोलावे लागते.

निरोगी हृदयसुद्धा आत भरलेले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. प्रत्येक ठोक्याला डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या खालच्या कप्प्यात, जमलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त पुढे ढकलले जाते आणि बाकीचे आतच राहते. म्हणून २५ टक्क्यांची तुलना शंभराशी नव्हे, साठ-पासष्टाशी करायची असते. शिवाय हृदय बंद पडणे वेगळे आणि हार्ट फेल्युअर वेगळे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे हृदयाला जमत नाही, किंवा जमले तरी आतला दाब वाढवूनच जमते, आणि त्या दाबापायी फुप्फुसांत व पायांत पाणी साचते, अशी ही अवस्था आहे. कित्येक रुग्णांचे पंपिंग तर ५० टक्के किंवा त्याहून जास्त असते; त्यांचे हृदय आकुंचन नीट पावते, पण ताठर झाल्यामुळे सैल पडून पुरेसे भरत नाही. जिना चढताना त्यांनाही तितकाच दम लागतो, आणि रिपोर्टमधला आकडा चांगला असल्यामुळे त्यांचे गाऱ्हाणे कोणी मनावर घेत नाही, ही त्यांची वेगळीच व्यथा असते.

घरच्यांना खरे तर आकडा नको असतो, त्यांना ‘पुढे काय?’ हे जाणून घ्यायचे असते. त्या प्रश्नाचे उत्तर एकट्या पंपिंगमध्ये नाही, हे मला अगदी मनापासून सांगावेसे वाटते. पुढचा काळ कसा जाईल हे ठरवण्यात औषधांचा, वयाचा, मूत्रपिंडांचा, हृदयाच्या झडपांचा असा सगळ्यांचाच वाटा असतो. पण माणूस किती श्रम करू शकतो, त्याच्या पायांत आणि श्वासात किती बळ आहे, याचा वाटा फार मोठा असतो, आणि या यादीतली हीच एक गोष्ट अशी आहे की जी रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाने बदलू शकते.

२५ टक्के पंपिंग असलेला एक माणूस दोन मजले न थांबता चढतो आणि तेवढेच पंपिंग असलेला दुसरा अंघोळ करून बाहेर येईपर्यंत थकून पलंगावर टेकतो, असे आम्ही नेहमी पाहतो. १९८१ मध्येच डॉक्टरांनी मोजमाप करून दाखवले होते की विश्रांतीच्या वेळी मोजलेले पंपिंग आणि प्रत्यक्ष श्रम करण्याची क्षमता यांचा मेळ बसत नाही. कारण श्रमाच्या वेळी लागतो तो ऑक्सिजन. तो फुप्फुसांनी रक्तात मिसळावा लागतो, हृदयाने पुढे धाडावा लागतो, रक्तवाहिन्यांनी रुंदावून त्याला वाट द्यावी लागते आणि शेवटी मांडीच्या, पोटरीच्या स्नायूंनी तो रक्तातून खेचून घ्यावा लागतो. इको यातला एकच दुवा पाहतो, आणि तोही रुग्ण आडवा पडलेला असताना.

साऱ्या दुव्यांची एकत्र परीक्षा घेणारी एक तपासणी आहे. रुग्णाच्या नाकातोंडावर मास्क बसवून त्याला ट्रेडमिलवर चालवतात किंवा सायकल मारायला लावतात, श्रम हळूहळू वाढवत नेतात आणि दमण्याच्या शिखरावर त्याचे शरीर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरते ते मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला साधारण साडेतीन मिलिलिटर पुरतो. १९८० च्या दशकात कार्ल वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजमापावरून रुग्णांचे चार गट पाडले : ज्यांची क्षमता २० च्या वर ते जवळपास निर्धोक, आणि १० च्या खाली ते सर्वांत गंभीर. पुढे १९९१ मध्ये डोना मॅन्सिनी यांच्या चमूने एक धाडसी प्रश्न विचारला. हृदयारोपणासाठी पाठवलेल्या रुग्णांपैकी कोणाला थांबता येईल? या रुग्णांचे क्षमतेनुसार पाडलेले गट पाहिले, तर पंपिंग सर्वच गटांत सारखेच खालावलेले होते. तरीही ज्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १४ च्या वर होती, त्यांच्यापैकी ९४ टक्के रुग्ण आरोपण न करता वर्षभरानंतर हयात होते. त्या काळी हृदयारोपणानंतर पहिले वर्ष पार करणाऱ्यांचे प्रमाण याहून चांगले नव्हते. नवे हृदय कोणाला आधी द्यायचे, या जीवनमरणाच्या निर्णयात तेव्हापासून पंपिंगच्या बरोबरीने ही क्षमता पाहिली जाऊ लागली. आज बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणारे औषध, घेणाऱ्या रुग्णांसाठी ही मर्यादा १२ च्या आसपास धरतात, कारण औषधांनीच पुढचा काळ पुष्कळ सुधारला आहे.

मास्कची ती तपासणी सगळीकडे होत नाही. तिच्यापेक्षा साधी आणि मला व्यक्तिशः अधिक बोलकी वाटणारी चाचणी म्हणजे सहा मिनिटांचे चालणे. तीस मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन टोकांना दोन शंकू, वाटेत लागली तर बसायला एक खुर्ची आणि माझ्या हातात स्टॉपवॉच. धावायचे नाही, पण सहा मिनिटांत जमेल तेवढे अंतर कापायचे. थांबावेसे वाटले तर थांबायचे, भिंतीला टेकायचे, बरे वाटले की पुन्हा निघायचे. मी रुग्णाच्या बरोबरीने चालत नाही, कारण मग तो माझ्या चालीने चालू लागतो. दर मिनिटाला ठरावीक वाक्य, ठरावीक सुरात म्हणायचे असते, त्यामुळे कोणाला जास्त चेव चढत नाही आणि दोन वेळच्या चाचण्यांची तुलना करता येते.

अंतर तर लिहून होतेच, पण त्या सहा मिनिटांत आणखी पुष्कळ दिसते. पहिल्या फेरीत बोलत निघालेला माणूस तिसऱ्या मिनिटाला गप्प होतो. शंकूपाशी वळताना पाऊल अडखळते आणि हात नकळत भिंतीकडे जातो. कोणी थांबते तेव्हा छातीला हात लावते, कोणी मांडीला. मांडीला हात लावणाऱ्याला मी विचारते, ‘‘काका, दम लागला की पाय भरून आले?’’ निम्म्या वेळा उत्तर येते, ‘‘दमाचे काही नाही, पायच उचलेनात.’’ १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, सहा मिनिटांत ३०० मीटरसुद्धा न गाठणाऱ्या गटातले सुमारे १० टक्के रुग्ण पुढच्या काही महिन्यांत दगावले होते, तर ४५० मीटर किंवा अधिक चालणाऱ्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. कॉरिडॉर, शंकू आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर इतके सांगणारी दुसरी तपासणी मला ठाऊक नाही.

‘पायच उचलेनात’ या तक्रारीकडे फार काळ दुर्लक्ष झाले. विसाव्या शतकाचा बराच काळ हार्ट फेल्युअरवरचा मुख्य उपाय म्हणजे अंथरूण होते. दमलेल्या हृदयाला विसावा द्यायचा, तर शरीर हलवायचे नाही, हे तर्काला पटणारेच होते. आणि पायांवरची सूज उतरवणारी, रक्तवाहिन्या सैल करणारी आजची औषधे हाताशी नव्हती, तेव्हा वैद्यांपुढे दुसरा मार्गही फारसा नव्हता. विश्रांती अंगावर काय परिणाम करते, हे मात्र १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डल्लासला झालेल्या एका प्रयोगाने लख्ख दाखवले. विशीच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की तीन दशकांच्या वयोमानाने त्यांची क्षमता जितकी ढासळली, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत ढासळली होती. हे धडधाकट तरुणांचे झाले. आधीच हृदय कमजोर, वय सत्तरीचे, भूक मंदावलेली, आणि त्यात महिना-महिना पडून राहणे. अशा शरीराचे काय होत असेल हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाच्या मांड्या मी हाताने चाचपते तेव्हा ते बोटांना समजते.

१९९० च्या दशकात अँड्र्यू कोट्स आणि इतर काही संशोधकांनी या आजारातल्या स्नायूंकडे वेगळ्या नजरेने पाहिले. हार्ट फेल्युअरमध्ये हातापायांचे स्नायू नुसते बारीक होत नाहीत, तर आतून बदलतात. दीर्घकाळ न थकता काम करणारे तंतू कमी होतात आणि लवकर दमणाऱ्यांचे प्रमाण वाढते. बारीक केशवाहिन्या विरळ होतात. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या आणि कार्यक्षमता घटते. असा स्नायू थोड्याशा कामानेच कासावीस होतो आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे तक्रार धाडतो. मेंदू लगेच श्वास वाढवतो, नाडी वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. म्हणजे फुप्फुसांत पाण्याचा थेंबही नसताना धाप लागू शकते आणि तिचा उगम पोटरीत असू शकतो. श्वासाचा पडदाही स्नायूच; तोही दुबळा होतो. रक्तवाहिन्या आवळल्या की हृदयावरचा भार वाढतो, धाप लागली की माणूस घाबरून बसतो, बसला की स्नायू आणखी झडतात, आणि पुढच्या वेळी आणखी कमी श्रमात धाप लागते. रुग्णाला वाटते, हृदय आणखी बिघडले. पुष्कळदा हृदय होते तिथेच असते; खालावलेले असतात ते पाय.

म्हणूनच १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. बाराच रुग्ण, सरासरी पंपिंग २४ टक्के, आणि चार ते सहा महिने देखरेखीखाली नियमित व्यायाम. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २३ टक्क्यांनी वाढली, पण विश्रांतीच्या वेळचे पंपिंग जवळजवळ होते तेवढेच राहिले. सुधारणा मुख्यतः पायांत झाली होती. स्नायू रक्तातून जास्त ऑक्सिजन खेचून घेऊ लागले होते. ‘व्यायामाने माझे पंपिंग वाढेल का?’ असे रुग्ण विचारतात. काहींचे थोडे वाढते, विशेषतः योग्य औषधे चालू असताना. पण पंपिंग वाढले नाही तरी जिना सोपा होऊ शकतो, हे त्यांना सांगताना मला या बारा जणांची आठवण होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. व्यायामाने आयुष्य निश्चित वाढते, असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. या विषयावरचा सर्वांत मोठा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या ८२ केंद्रांवर, पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या २३३१ रुग्णांवर तो झाला. निम्म्यांना आधी देखरेखीखाली ३६ सत्रे आणि मग घरी व्यायाम दिला, निम्म्यांना नेहमीचे उपचार. मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे या एकत्रित निकषावर दोन्ही गटांतला सरळ फरक इतका थोडा होता की तो योगायोगही असू शकला असता. रुग्णांच्या आजाराची मुळातली तीव्रता हिशेबात धरल्यावर मात्र व्यायाम करणाऱ्यांचा धोका ११ टक्क्यांनी कमी दिसला. आयुष्याचा दर्जा पहिल्या तीन महिन्यांतच सुधारला आणि ती सुधारणा टिकली. व्यायामामुळे धोका वाढला नाही, आणि छातीत आयसीडी, म्हणजे ठोक्यांची लय धोकादायक बिघडली की विजेचा झटका देणारे यंत्र, बसवलेल्यांना त्याचे जास्त झटके बसले नाहीत, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण रुग्णांची आणि कित्येक डॉक्टरांचीही खरी भीती तीच असते. सत्रे संपून घरी गेल्यावर ठरवून दिलेला व्यायाम पुरा करणारे मात्र जेमतेम तिसरा हिस्सा होते. माझे स्वतःचे मत असे की तो प्रयोग व्यायामाच्या गुणाइतकाच माणसाला एकटे सोडल्यावर काय होते हेही सांगतो. २०१९ मध्ये अशा ४४ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षातल्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही, पण पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे कमी झाले आणि रोजचे जगणे सुधारले. हे लहान यश आहे असे मला वाटत नाही. ज्याने वर्षातून चार वेळा धाप लागून रात्री इमर्जन्सी गाठली आहे, त्याला आणि त्याच्या बायकोला विचारावे.

वजनाचा प्रश्नही इथेच येतो. हार्ट फेल्युअर झाल्यावर स्थूल रुग्ण सडपातळ रुग्णांपेक्षा जास्त काळ तग धरतात, असे अनेक पाहण्यांत दिसले आणि त्यावरून पुष्कळ गोंधळ उडाला. २०१३ च्या एका अभ्यासात दोन हजारांहून अधिक रुग्णांची श्रमक्षमताही सोबत पाहिली, तेव्हा चित्र बरेच स्पष्ट झाले. ज्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १४ च्या खाली होती, त्यांच्यातच वजनाचा हा उलटा परिणाम दिसला. १४ किंवा त्यावर क्षमता असलेल्यांचा पुढचा काळ, वजन काहीही असो, चांगलाच होता. या आजारात आपोआप, काही न करता उतरणारे वजन ही धोक्याची खूण असते, कारण त्यात स्नायू झडलेले असतात. तेव्हा काट्यावरचा आकडा उतरवण्याच्या नादात उपाशी राहण्यापेक्षा मांड्या-पोटऱ्या टिकवण्याकडे लक्ष द्यावे, असे मी माझ्या रुग्णांना आग्रहाने सांगते.

आता सुरुवात कुठून करायची? ज्याला बसल्या जागी धाप लागते आहे, ज्याचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले आहे, पायांची सूज चढते आहे, छातीत नव्याने दुखते आहे, ताप आहे किंवा भोवळ येते आहे, त्याने व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचे. मुख्य झडप फारच अरुंद झालेली असेल किंवा ठोक्यांची लय ताब्यात नसेल, तर आधी त्यावर उपचार. औषधे बसली, पाणी उतरले, प्रकृती स्थिरावली, की डॉक्टरांच्या संमतीने चालायला लागायचे. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा चालले तरी पुरे. आधी वेळ वाढवायचा, मग वेग. सुरुवातीला आणि शेवटी काही मिनिटे अगदी संथ चालायचे, कारण एकदम थांबल्याने रक्त पायांत साठते आणि रक्तदाब उतरवणारी औषधे चालू असताना चक्कर येऊ शकते.

नाडी मोजून व्यायाम करण्याची सवय असलेल्यांचा इथे घोटाळा होतो. बीटा ब्लॉकर नाडीला वर जाऊ देत नाही, त्यामुळे तक्त्यातली नाडी गाठायला गेलेला माणूस स्वतःला फरफटत नेतो. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ६ ते २० ही मोजपट्टी अशा वेळी उपयोगी पडते : ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही, आणि आपण राहायचे ते ११ ते १३ च्या दरम्यान, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडे जड’. याहून सोपी खूण म्हणजे चालता चालता सलग वाक्य बोलता आले पाहिजे. आयसीडी बसवलेल्यांनी यंत्र किती ठोक्यांना झटका देते तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि व्यायामात नाडी त्याच्या किमान दहा ठोके खालीच ठेवावी.

चालण्याइतकेच महत्त्व मी खुर्चीतून उठण्याला देते. हातांचा आधार न घेता, छातीवर घडी घालून, खुर्चीतून उठायचे आणि पुन्हा बसायचे. ऐकायला हे किरकोळ वाटते; पण रुग्णालयातून नुकताच घरी आलेला सत्तरीचा माणूस पहिल्या प्रयत्नाला पुढे झुकतो, बूड चार बोटे वर येते आणि परत टेकते. मग उशी ठेवून बैठक उंच करायची, पाय थोडे मागे घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे आणायचे आणि श्वास सोडत उठायचे. श्वास सोडत, हे दर वेळी सांगावे लागते, कारण जोर लावताना माणूस दम रोखून धरतो आणि तसे केल्याने छातीतला दाब वाढून हृदयावर भलताच ताण येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हार्ट फेल्युअर बळावल्याने दाखल झालेल्या ३४९ वयस्क रुग्णांपैकी निम्म्यांना नुसते चालणे न देता ताकद, तोल, हालचाल आणि दमसास या चारही अंगांनी व्यायाम दिला. तीन महिन्यांनी त्यांचे उठणे, उभे राहणे आणि चालणे दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारले होते. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही, हेही नोंदवते. तरीही स्वच्छतागृहात जायला कोणाला हाक मारावी न लागणे, याची किंमत ज्याला हाक मारावी लागते त्यालाच कळते.

काही जण सगळे नेमाने करतात आणि तरी पुढे सरकत नाहीत. त्यांच्या बाबतीत मी रक्तातल्या लोहाची तपासणी झाली आहे का ते विचारते. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोह कमी आढळते, हिमोग्लोबिन ठीक असतानाही, आणि ते शिरेतून भरून काढल्यावर चालण्याचे अंतर वाढते, हे २००९ पासूनच्या अभ्यासांत दिसले आहे. दुसरे कारण मनाचे. साधारण पाचातल्या एका रुग्णाला नैराश्य असते, आणि ते ‘अंगात त्राण नाही’ या शब्दांत आमच्यापुढे येते. अशा माणसाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. त्याला वेगळे उपचार लागतात. व्यायामाचाही त्यावर थोडा उपयोग होतो.

घरच्या माणसांविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. ‘‘मी त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही,’’ असे एखादी ताई अभिमानाने सांगते, आणि शेजारी बसलेले काका मान खाली घालून ऐकत असतात. पाण्याचा पेला हातात, चप्पल पायाशी, उठायच्या आत कोणीतरी काखेत हात घातलेला. अशा वेळी मी त्या ताईंनाच सहा मिनिटांच्या चाचणीच्या वेळी कॉरिडॉरच्या टोकाला उभे करते. नवरा थांबतो, श्वास सावरतो आणि कोणी न सांगता पुन्हा निघतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांच्या मनातली धास्ती माझ्या कोणत्याही सांगण्याने झाली नसती इतकी कमी होते. पुढच्या वेळी त्या स्वतःच सांगतात की आता दूध तापवायचे काम ह्यांच्याकडे दिले आहे.

आजार फार पुढे गेलेला असेल, औषधे पुरी पडत नसतील आणि क्षमता १०-१२ च्या खालीच राहत असेल, तर व्यायामाने चमत्कार होईल असे कोणी सांगू नये. त्या टप्प्यावर ही मोजमापे वेगळ्या कामाची असतात : कृत्रिम पंप बसवायचा का, हृदयारोपणासाठी नाव नोंदवायचे का, हे ठरवायला डॉक्टरांना ती लागतात. तिथेही पाय बळकट असलेला माणूस शस्त्रक्रियेतून लवकर उभा राहतो. नव्या हृदयाला सुरुवातीला मज्जातंतूंची जोडणी नसते, त्यामुळे त्याची नाडी श्रम सुरू झाल्यावर बऱ्याच उशिराने वाढते आणि थांबल्यावर उशिराने उतरते. म्हणून अशा रुग्णांकडून सुरुवातीची संथ चाल मी इतरांपेक्षा बरीच जास्त वेळ करून घेते.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो डिस्चार्जचा कागद. त्यावर गोळ्यांचे मिलिग्रॅम असतात, दिवसाला किती पाणी प्यायचे ते असते, मीठ किती ते असते, आणि व्यायामाच्या जागी ‘आराम करावा’ किंवा ‘हलके चालावे’ एवढेच असते. किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या वेगाने, केव्हा थांबायचे, यातले काहीच नसते. गोळीचा डोस जसा लिहून मिळतो तसा चालण्याचाही लिहून मागावा. ‘मला पुनर्वसनासाठी कोणाकडे पाठवाल?’ हे विचारावे. आणि आज सहा मिनिटांत किती मीटर चाललो ते कागदावर टिपून, पुन्हा केव्हा मोजायचे त्याची तारीखही त्याच भेटीत ठरवून घ्यावी.